सुतळीचा गुंडा, कणसांचा महाल
अमेरिकेचे रस्ते : लेखांक सहावा

इंटरस्टेट ९० हा महामार्ग मिनेसोटा राज्यात दोन्ही बाजूंनी बांधत आणला होता. १९७८ च्या सप्टेंबरात त्याची दोन टोकं ब्लू अर्थ या गावाजवळ जुळली. १८६९ मध्ये अमेरिकेची पूर्व-पश्चिम रेल्वे जोडली गेली, तेव्हा रुळांत सोन्याचा खिळा ठोकला होता. त्याची आठवण ठेवून इथे काँक्रीटचा एक पट्टा सोनेरी रंगवला गेला. समारंभ थाटात झाला, पण गावातल्या दुकानदारांच्या पोटात गोळा आला होता. आजवर गावातून जाणाऱ्या गाड्या आता बाहेरच्या बाहेर निघून जाणार होत्या.

पॉल हेडबर्ग हे गावातल्या रेडिओ केंद्राचे मालक. वाटसरूंना थांबवून ते त्यांच्या मुलाखती घेत आणि निरोप देताना ग्रीन जायंट कंपनीचे डबाबंद भाजीचे डबे हातात ठेवत, कारण त्या भाज्या डब्यांत भरणारा कारखाना गावातच होता. डब्यावरचा तो हिरवा राक्षसच गावाच्या वेशीवर उभा केला तर? हेडबर्ग यांनी कंपनीची परवानगी मिळवली, व्यापाऱ्यांकडून वर्गणी गोळा केली. १९७९ मध्ये पानांचा अंगरखा घातलेला, कमरेवर हात ठेवून हसणारा, साडेपंचावन्न फूट उंचीचा फायबरग्लासचा पुतळा उभा राहिला. मागच्या सीटवरची पोरं त्याला बघून ओरडतात, गाडी वळते, फोटो निघतात. मग कुणाला भूक लागते, कुणाला पेट्रोल भरायचं असतं. गावाला हवं होतं ते एवढंच.

गेल्या आठवड्यात आपण १९५६ चा महामार्ग कायदा पाहिला. ४१,००० मैलांचं ते जाळं विणलं जात असताना ज्यांना बाजूला पडावं लागलं, त्या मिडवेस्टमधल्या छोट्या गावांची ही गोष्ट आहे. ओहायोपासून कॅन्सस-नेब्रास्कापर्यंतची १२ राज्यं सरकारी हिशेबात मिडवेस्ट म्हणून मोजली जातात. इथली बरीचशी गावं रेल्वेने वसवली. शेतकऱ्याने घोडागाडीत धान्य भरावं, स्थानकावर पोचवावं आणि दिवस मावळायच्या आत घरी परतावं, या बेताने दर आठ-दहा मैलांवर एक स्थानक आलं. त्याभोवती धान्याचं उंच कोठार, बँक, चर्च, शाळा. पुढे ट्रॅक्टर आले, शेतं मोठी होत गेली, शेतकरी कमी होत गेले. मोटारीने तीस मैलांवरचं मोठं दुकान जवळ आणलं, आणि आठ मैलांवरच्या गावात थांबायचं कारण उरलं नाही.

मग गावांनी कारणं तयार केली. मे अखेरच्या मेमोरियल डेपासून सप्टेंबरातल्या लेबर डेपर्यंत अमेरिकन कुटुंबं सुट्टीत गाडी घेऊन निघतात, तेव्हा या कारणांचा हंगाम असतो. त्यांत पोरखेळ भरपूर आहे. पण तो खेळ गावं जिवापाड मेहनतीने मांडतात, आणि तो बघण्यासारखा आहे.

इलिनॉयमधलं केझी हे त्यातलं सर्वांत हुशार गाव. लोकवस्ती अडीच हजारांच्या आत, शेजारून इंटरस्टेट ७० जातो. जिम बोलिन यांच्या कुटुंबाचा व्यवसाय तेलाच्या पाइपलाइनी आणि टाक्यांच्या देखभालीचा. म्हणजे क्रेन, वेल्डिंग, जाडजूड पाइप आणि ते हाताळणारे कसबी कामगार हाताशीच. २०११ मध्ये त्यांनी ५५ फूट उंच विंड चाइम उभारला. दोर ओढला की ते लांबलचक पाइप घणघणतात. जगातला सर्वांत मोठा म्हणून गिनेस बुकात त्याची नोंद झाली आणि लोक महामार्ग सोडून गावात यायला लागले. मग छपन्न फुटांहून उंच झुलती खुर्ची आली, गोल्फची टी आली, टपालपेटी आली, विणकामाच्या सुया आल्या. आपल्याकडे गणेशोत्सवात मंडळांमध्ये मूर्तीच्या उंचीची चढाओढ लागते, तशी इथे एकाच गावाने स्वतःशी लावली आहे. बऱ्याच वस्तूंसाठी जुने पाइप आणि टेलिफोनचे टाकून दिलेले खांब वापरले आहेत.

गिनेसची एक अट मात्र कडक आहे : वस्तू नुसती मोठी असून भागत नाही, ती चाललीही पाहिजे. खुर्ची झुलवून दाखवावी लागली, सुयांनी खरोखर विणावं लागलं. टपालपेटीत जिना चढून आत जाता येतं आणि तिथे टाकलेलं पत्र टपालाने रवाना होतं. मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी पत्ता लिहिलेलं एक पोस्टकार्ड तयारच ठेवावं.

त्याच राज्यात सेंट लुइसजवळ कॉलिन्सव्हिल इथे १७० फूट उंच केचपची बाटली आहे. ती मुळात पाण्याची टाकी, १९४९ मध्ये केचप कारखान्यासाठी बांधलेली. कारखान्याचा उपयोग संपल्यावर ती गंजायला लागली, तेव्हा नागरिकांनी पैसे जमवून १९९५ मध्ये तिला पुन्हा रंगरूप दिलं. तिथून काही मिनिटांवर कहोकियाचे मातीचे प्रचंड उंचवटे आहेत. युरोपीय लोक येण्याच्या कितीतरी आधी इथल्या मूळ रहिवाशांनी वसवलेल्या नगरीचे हे अवशेष युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत. बाटलीसाठी थांबणाऱ्याने तिथे न जाता पुढे जाऊ नये.

सुतळीच्या गुंड्याला मात्र या साऱ्या वाटेवर जोड नाही.

मिनीआपोलिसच्या पश्चिमेला डार्विन नावाचं गाव आहे, साडेतीनशेच्या आसपास वस्तीचं. फ्रान्सिस जॉन्सन या शेतकऱ्याने १९५० च्या मार्चमध्ये सुतळी गुंडाळायला सुरुवात केली आणि २९ वर्षं तो गुंडाळत राहिला. गुंडा हाताने फिरवण्याजोगा राहिला नाही तेव्हा त्याने जॅक लावून तो उचलायचा आणि सगळीकडून सारखा विणायचा उद्योग चालवला. अखेरीस वजन भरलं १७,४०० पौंड, म्हणजे सुमारे ७,९०० किलो. व्यास बारा फुटांच्या आसपास. १९८९ मध्ये जॉन्सन वारले. गावाने गुंडा आपल्याकडे आणला आणि काचेच्या मंडपात ठेवला. दर ऑगस्टमध्ये त्याच्या नावाने जत्रा भरते.

इतकी सुतळी आली कुठून, हे समजलं की गुंड्याकडे बघण्याची नजर बदलते. १८७८ मध्ये विस्कॉन्सिनच्या जॉन अॅपलबी यांनी धान्याची पेंढी सुतळीने आपोआप गाठ मारून बांधणारं यंत्र सिद्ध केलं. कापणीच्या दिवसांत शेतांना अचानक सुतळीची प्रचंड गरज पडू लागली. मेक्सिकोच्या युकातान भागात घायपाताचे मळे वाढले, त्यांचा वाख जहाजांतून उत्तरेकडे येऊ लागला. मिनेसोटातल्या स्टिलवॉटरच्या तुरुंगात तर कैद्यांकडून सुतळी वळून घेत. पुढे गवताचे गठ्ठे बांधणारी यंत्रं आली. गुरांना गवत टाकायचं तर आधी गठ्ठ्याची सुतळी कापावी लागते, आणि कापलेले तुकडे उचलून ठेवावे लागतात, कारण जनावराच्या पोटात ते गेले तर जिवावर बेततं. म्हणून प्रत्येक गोठ्यात तुकड्यांचा ढीग साचायचा. टाकून द्यायला जीव होत नाही आणि उपयोगही नाही, असा तो ढीग. जॉन्सनने तो वाया जाऊ दिला नाही.

कॅन्ससमधल्या कॉकर सिटीत फ्रँक स्टोबर या शेतकऱ्याने १९५३ मध्ये हाच उद्योग मांडला. १९६१ मध्ये त्यांनी आपला गुंडा गावाला देऊन टाकला. १९७४ मध्ये ते गेले, पण गाव थांबलं नाही. दर ऑगस्टमध्ये लोक जमतात आणि गुंड्यावर नवी सुतळी चढवतात, त्यामुळे तो अजून वाढतोच आहे. आता डार्विनचं गाव सांगतं, एकट्या माणसाने केलेला सर्वांत मोठा गुंडा आमचा. कॉकर सिटी सांगते, सर्वांनी मिळून केलेला आमचा.  एकाच गावी जाणं शक्य असेल तर कॉकर सिटीला जावं, कारण तिथे पाहुण्यालाही आपली सुतळी जोडता येते. रस्ता लांबचा आणि दोन्ही बाजूंना फक्त शेतं, तरी जावं.

आयोवातल्या रिव्हरसाइडने तर न घडलेल्या गोष्टीचं स्मारक केलं आहे. ‘स्टार ट्रेक’चा कॅप्टन कर्क आयोवातल्या एका लहान गावात जन्मेल, एवढंच मालिकेच्या निर्मात्यांनी सांगितलं होतं, गावाचं नाव दिलं नव्हतं. १९८५ मध्ये रिव्हरसाइडने ते नाव आपलं असल्याचं जाहीर केलं, मालिकेचे जनक जीन रॉडनबेरी यांनीही मान्यता दिली. शिळेवर भावी जन्मवर्ष कोरलं आहे : २२२८. जूनमध्ये तिथे मिरवणूक निघते, ट्रॅक्टर आणि अंतराळयानं एकाच रांगेत.

मिनेसोटातल्या नॉर्थफील्डकडे मात्र खरा इतिहास आहे. ७ सप्टेंबर १८७६ रोजी जेसी जेम्स आणि यंगर बंधूंची टोळी तिथली बँक लुटायला आली. जोसेफ ली हेवूड या रोखपालाने तिजोरी उघडायला नकार दिला आणि त्यात त्याचा जीव गेला. नागरिकांनी बंदुका काढल्या, काही मिनिटांत दोन दरोडेखोर रस्त्यात पडले, उरलेले पळाले. दर सप्टेंबरमध्ये गाव तो प्रसंग घोडे, बंदुकांचे बार आणि धुरासकट पुन्हा उभा करतं. उत्सवाचं नावच ‘जेसी जेम्सचा पराभव’. अमेरिकेत दरोडेखोरांची गाणी पुष्कळ झाली. हे गाव रोखपालाची आठवण धरून बसलं आहे, आणि त्यासाठी ते मानाचं धनी आहे.

मराठी वाचकाला या गावी जायला आणखी एक कारण आहे. इथल्या कार्लटन कॉलेजात १९६९ ते १९९७ एलिनॉर झेलियट इतिहास शिकवत होत्या. आयोवातल्या दे मॉइन शहरात १९२६ मध्ये जन्मलेल्या या विदुषीने डॉ. आंबेडकर आणि महार चळवळीवर प्रबंध लिहिला, चोखामेळ्याचा अभ्यास केला, दलित साहित्य इंग्रजी वाचकांपर्यंत नेलं. मक्याच्या शेतांनी वेढलेल्या या गावात वर्षानुवर्षं महाराष्ट्राचा इतिहास शिकवला जात होता. २०१६ मध्ये त्या गेल्या.

पश्चिमेला साउथ डकोटात शिरलं की मिचेल येतं आणि तिथे कॉर्न पॅलेस. १८९२ मध्ये इथे पहिला महाल उभा राहिला. इथली माती पिकते, वस्ती करायला या, असं सांगणारी ती जाहिरात होती. आजची इमारत १९२१ ची आहे, तिच्यावरचे घुमट आणि मिनार १९३० च्या दशकातले. भिंतींवर चित्रं आहेत ती रंगांची नव्हेत, कणसांची. तांबडी, निळसर, काळी, पिवळी, पांढरी अशा डझनभर रंगांची कणसं खास पिकवतात, ती उभी चिरतात आणि आराखड्याप्रमाणे एकेक करून खिळ्यांनी ठोकतात. वर्षाला विषय बदलतो, जुनी चित्रं उतरतात, नवी चढतात. तोवर पक्ष्यांची चंगळ असते. १९४८ ते १९७१ या काळात ही चित्रं ऑस्कर हाउ यांनी रेखाटली. यँकटोनाई डकोटा जमातीतले हे चित्रकार अमेरिकेच्या आधुनिक कलेतलं मोठं नाव. महालाच्या आत शाळकरी मुलांचे बास्केटबॉलचे सामने चालतात.

वाटेवर आणखी पुढे वॉल हे गाव. टेड आणि डोरोथी हस्टेड यांनी १९३१ मध्ये, ऐन मंदीत, तिथलं औषधांचं दुकान घेतलं. पाच वर्षं गिऱ्हाईक जेमतेम. १९३६ च्या उन्हाळ्यात डोरोथींना सुचलं, तापलेल्या रस्त्यावरून येणाऱ्याला सर्वांत आधी थंड पाणी हवं असतं. रस्त्याकडेला फळ्या लागल्या : बर्फाचं पाणी फुकट. लोकांची रीघ लागली ती आजतागायत. पाणी अजून फुकट आहे, आणि कॉफी पाच सेंटला.

शिकागो, मिनीआपोलिस किंवा डिट्रॉइटला मुलांकडे चार-सहा महिने राहायला जाणारे आईवडील नायगारा आणि न्यूयॉर्क ठरवूनच जातात. त्यांनी मुलांना आणखी तीन दिवसांची रजा काढायला लावावी, महामार्गावरून खाली उतरावं आणि एखाद्या गावातल्या छोट्या हॉटेलात दुपारचं जेवण घ्यावं. शाकाहारी माणसाला उन्हाळ्यात लोण्यातलं ताजं कणीस आणि फळांचा ‘पाय’ (pie) तरी सहसा मिळतोच. डार्विन आणि कॉकर सिटीच्या जत्रा ऑगस्टमध्ये असतात, नॉर्थफील्डचा उत्सव लेबर डेनंतरच्या आठवड्यात. मिचेलची कणसं ठोकताना पाहायची असतील, तर उन्हाळा सरताना जावं.