मुक्या सशाचे दुखणे

घरातील कुत्र्याला बरे वाटेनासे झाले की तो कण्हतो, धन्याच्या पायाशी येऊन पडतो. ससा यांतले काहीच करीत नाही. ‘काल रात्रीपर्यंत अगदी चांगला होता, सकाळी पाहिले तर गेलेला,’ ही हळहळ म्हणूनच ससे पाळणाऱ्या घरांतून ऐकू येते. वस्तुतः पुष्कळदा मृत्यू अकस्मात आलेला नसतो. त्याच्या खुणा कोणी ओळखलेल्या नसतात.

याचे कारण सशाच्या जातिस्वभावात आहे. पाळीव ससा हा युरोपातील बिळे खणून राहणाऱ्या रानसशाचा वंशज. कोल्ह्यांचे व शिकारी पक्ष्यांचे तो नेहमीचे भक्ष्य. जो लंगडतो, जो मागे राहतो, त्याच्यावर शत्रूची दृष्टी प्रथम जाते. तेव्हा दुखणे लपविणे हाच त्याचा बचाव ठरला, आणि घरातील सुरक्षित पिंजऱ्यातही ती सवय सुटलेली नाही.

त्यामुळे सशाच्या चेहऱ्यापेक्षा त्याच्या चाऱ्याकडे व लेंड्यांकडे पाहावे. सशाचे आतडे अखंड चालते राहावे लागते. ते मंदावले की पोटात वायू धरतो, भूक मरते आणि भूक मेल्याने आतडे आणखी मंदावते. सशाला ओकारीही होत नाही. लेंड्या लहान किंवा विरळ झाल्या, तर ती पहिली सूचना समजावी. १० ते १२ तास त्याने काही खाल्ले नाही वा लेंड्या टाकल्या नाहीत, तर उद्याची वाट न पाहता पशुवैद्याकडे न्यावे.

कधी ससा चाऱ्याकडे उत्सुकतेने येतो, घास उचलतो आणि टाकून देतो. हनुवटी लाळेने ओली दिसते. हे दातांचे दुखणे. सशाचे दात जन्मभर वाढतात. वाळके गवत भरपूर चघळल्यानेच ते झिजतात. नुसत्या दाण्यावर व गाजरावर ठेवलेल्या सशाच्या दाढांना टोके फुटतात आणि ती जिभेला व गालांना रुततात.

नाक वाहू लागले, तरी ससा ते पुढच्या पायांनी पुसून टाकतो. नाक स्वच्छ दिसते. परंतु पायांच्या आतल्या बाजूचे केस चिकटून गुंता झालेले आढळतात. ससा नाकानेच श्वास घेतो; तो तोंड उघडून धापा टाकू लागला, तर क्षणाचाही विलंब घातक होय. कुरवाळताना होणारा दातांचा हलका आवाज समाधानाचा असतो. पण अंग आखडून, डोळे अर्धवट मिटून कोपऱ्यात बसलेला ससा करकर दात खात असेल, तर त्याला वेदना होत आहेत असे जाणावे.

नागपूर किंवा दिल्लीसारख्या ठिकाणच्या उन्हाळ्यात आणखी एक भय असते. सशाला घाम येऊन अंग निवत नाही. कानांवाटेच तो बरीचशी उष्णता बाहेर टाकतो. हवेची उष्णता ३० अंशांवर गेली की त्याला ऊन लागण्याचा धोका संभवतो. कान तापलेले आणि ससा गळून पडलेला दिसला, तर त्याला सावलीत घ्यावे, कानांना थंड पाण्याचा हात लावावा, बर्फ मात्र लावू नये, आणि तातडीने वैद्य गाठावा.

घरातील माणसांची औषधे त्याला कदापि देऊ नयेत. पेनिसिलिनच्या वर्गातील औषध तोंडावाटे दिल्यास त्याच्या आतड्यातील उपकारक जंतू मरून ससाच दगावू शकतो.

सकाळ-संध्याकाळ पाच मिनिटे चारा, लेंड्या, हनुवटी आणि पाय पाहण्याचा नेम ठेवावा. जो प्राणी तक्रार करीत नाही, त्याची तक्रार आपणच शोधून काढावी लागते.