घड्याळ बघा, तेल नंतर!

पहाटेचे साडेपाच वाजले होते. ईटला माझ्या आत्याच्या घरी डेअरीला दूध घालायची घाई चालली होती. आत्या गोठ्यातून भरली चरवी घेऊन आली आणि उंबऱ्यातच ती तिच्या उजव्या हातातून सुटली. दूध सगळ्या ओसरीभर झालं. सून धावत आली. ‘आत्या, काय झालं हो?’ आत्या काहीतरी बोलली, पण शब्द जिभेतच अडकले. ओठाचा एक कोपरा खाली ओघळला होता.

‘अगं बाई, हिच्या अंगावरून वारं गेलं,’ शेजारच्या काकू बघताक्षणीच म्हणाल्या.

मग घरोघरी होतं तेच झालं. कुणी तेल कोमट केलं, कुणी हातपाय चोळले, कुणी नाकाला कांदा लावला. कुणीतरी एका गावचं नाव सांगितलं, तिथं म्हणे लकव्याचं हमखास औषध देतात. जीप करून तिकडे नेलं. औषध देणारा घरी नव्हता, म्हणून वाट बघत बसले. तो आला, त्यानं औषध पाजलं, तर आत्याला जोराचा ठसका लागला. तेव्हा कुठं सगळे घाबरले. शहरातल्या मोठ्या दवाखान्यात पोचले तेव्हा दुपारचे दोन वाजून गेले होते.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, ‘किती वाजता झालं?’

‘पहाटे साडेपाचला.’

त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. ‘नऊच्या सुमाराला आणलं असतं, तर गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देता आलं असतं.’

आत्या वाचली. पण उजवा हात आणि बोलणं पहिल्यासारखं झालं नाही. डॉक्टरांचं ते एक वाक्य मात्र माझ्या मनातून गेलं नाही. घरात माणसं होती, माया होती, जीपला द्यायला पैसेही होते. फक्त घड्याळाकडे कुणी बघितलं नाही. मैत्रिणींनो, म्हणूनच आजचा हा लेख.

वारं नव्हे, मेंदूचा झटका

लकवा, पक्षाघात, अर्धांगवायू, नाव काहीही द्या. दुखणं दिसतं हातापायात, पण ते असतं मेंदूत. मेंदूला रक्त पुरवणाऱ्या नळीत गुठळी अडकते, किंवा ती नळी फुटून रक्तस्राव होतो. बहुतेक वेळा गुठळीच असते. शेताला पाणी देणारा पाट मध्येच तुंबला की पुढचं पीक सुकायला लागतं, तसंच हे. फरक एवढाच, की पीक सुकायला दिवस लागतात, इथं मिनिटं लागतात. २००६ साली एका अमेरिकन डॉक्टरांनी याचा हिशेब मांडला. मोठी नळी बंद झाली आणि उपचार झाले नाहीत, तर मेंदूच्या दर मिनिटाला सुमारे १९ लाख पेशी मरतात. आता सांगा, तेल चोळून ही गुठळी कशी निघणार?

‘हे शहरातल्या बसून खाणाऱ्यांचं दुखणं, आपण तर दिवसभर राबतो,’ असं आपल्याला वाटतं. आपल्याच महाराष्ट्रातल्या गडचिरोलीनं हा समज खोटा ठरवला आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेत काम करताना मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. योगेश्वर कळकोंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ८६ खेड्यांतल्या मृत्यूंची कारणं शोधली. २०१५ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. १,५९९ मृत्यूंपैकी २२९ मृत्यू पक्षाघातानं झाले होते, म्हणजे दर सातांत एक. दुसऱ्या कुठल्याही एका कारणानं एवढी माणसं गेली नव्हती. त्यात जवळपास निम्म्या बायका होत्या. आणि १०० पैकी ८७ जणांनी घरीच प्राण सोडले होते.

साडेचार तासांचा हिशेब

एकेकाळी लकव्यावर खरंच फारसा इलाज नव्हता. म्हणून तर लोक झाडपाल्याच्या मागे लागले. १९९५ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासानं दाखवून दिलं, की गुठळी विरघळवणारं इंजेक्शन तीन तासांच्या आत मिळालं, तर माणूस पुन्हा स्वतःच्या पायावर उभा राहण्याची शक्यता चांगलीच वाढते. २००८ साली युरोपातल्या अभ्यासानं ही मुदत साडेचार तासांपर्यंत नेली. पण मुदत वाढली म्हणून निवांत राहायचं नाही. त्या साडेचार तासांतही जितकं लवकर, तितका हात-पाय-बोली वाचण्याचा संभव जास्त.

२०१५ पासून आणखी एक उपचार पक्का झाला. मोठ्या नळीतली गुठळी मांडीतून बारीक तार घालून बाहेर काढतात. २०१८ च्या अभ्यासांनुसार काही निवडक रुग्णांना याचा फायदा २४ तासांपर्यंतही होतो. पण ही सोय मोठ्या शहरांतल्या ठरावीक रुग्णालयांतच असते. म्हणून उशीर झाला तरी ‘आता काय उपयोग’ म्हणून घरी बसायचं नाही. ते डॉक्टरांना ठरवू द्या.

हा हिशेब कधीपासून धरायचा? माणूस शेवटचा ठणठणीत कधी दिसला, तेव्हापासून. रात्री दहाला बरा झोपला आणि सकाळी उठताना लकवा दिसला, तर घड्याळ रात्री दहाला सुरू झालं असं समजायचं. घरात ही वेळ कुणाला माहीत असते? कोण कधी झोपलं, कधी उठलं, चहा कधी घेतला, हे आपल्यालाच ठाऊक असतं ना? मग ती वेळ कागदावर लिहून बरोबर घ्या.

तोंड, हात, बोली

ओळखायचं कसं? तीन गोष्टी बघा. हसायला सांगा, तोंड एका बाजूला ओढलं जातंय का? दोन्ही हात पुढे करायला सांगा, एक हात खाली येतोय का? एखादं साधं वाक्य बोलायला सांगा, जीभ अडखळतेय का, भलतंच काही बोललं जातंय का? यातली एक जरी खूण अचानक दिसली, तरी निघायचं. अचानक एका डोळ्यानं दिसेनासं होणं, तोल जाणं, कधी नव्हे इतकं भयंकर डोकं दुखणं, ही लक्षणंही याच घरची.

आणि हे सगळं दहा-पंधरा मिनिटांत आपोआप बरं झालं तर? बरेचजण हुश्श करतात आणि कामाला लागतात. तीच खरी धोक्याची घंटा. मोठा झटका पुढच्या काही दिवसांतच येऊ शकतो. २००७ साली इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डच्या अभ्यासात अशा रुग्णांना लगेच तपासून औषधं सुरू केली, तेव्हा पुढच्या तीन महिन्यांतले झटके ८० टक्क्यांनी कमी झाले. म्हणून बरं वाटलं तरी त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

काय करायचं नाही, तेही ऐका. तोंडातून पाणी, चहा, औषध काहीही द्यायचं नाही. गिळायची ताकद गेलेली असते, घास श्वासनळीत जातो. आत्याला ठसका लागला तो यामुळेच. घरातली रक्त पातळ करायची गोळी द्यायची नाही, कारण आत गुठळी आहे की रक्तस्राव, हे सिटी स्कॅन केल्याशिवाय देवालाही सांगता येणार नाही. बीपीची जास्तीची गोळीही आपल्या मनानं द्यायची नाही. एका कुशीवर झोपवा आणि १०८ ला फोन लावा.

वाट आधीच ठरवून ठेवा

ईटसारख्या गावाचा खरा प्रश्न अंतराचा आहे. गावच्या आरोग्य केंद्रात सिटी स्कॅन नसतो. तिथून भूम, मग कुणी म्हणतं बार्शी, कुणी बीड, कुणी धाराशिव. ऐनवेळी ओसरीवर चर्चा सुरू होते आणि घड्याळ पुढे पळतं. म्हणून आजच, सगळे धडधाकट असताना, घरात बोलून घ्या. रात्रीसुद्धा सिटी स्कॅन चालू असणारं आणि हे इंजेक्शन देणारं जवळचं रुग्णालय कोणतं? तिथं सरकारी आरोग्य योजना चालते का? १०८ ला उशीर लागला तर गाडी कुणाची? आशाताईंना विचारा, त्यांना बरंच ठाऊक असतं. ही माहिती आणि फोन नंबर दिनदर्शिकेवर दुधाच्या हिशेबाशेजारी लिहून ठेवा.

आणि आपला बीपी?

आता थोडं आपल्याबद्दल. आत्याला दोन वर्षांपूर्वीच बीपी निघाला होता. महिनाभर गोळ्या घेतल्या आणि मग सोडून दिल्या. ‘डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही, मग गोळी कशाला?’ मामांची शुगरची गोळी मात्र ती एकही दिवस चुकू देत नव्हती.

बीपी दुखत नाही, हीच त्याची लबाडी. ३२ देशांत झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१६ साली आले. त्यात भारतही होता. पक्षाघाताची जवळपास ९० टक्के जोखीम दहा कारणांत सापडली, आणि ती सगळी टाळता किंवा आवरता येण्यासारखी आहेत. त्यात पहिला नंबर बीपीचा. पुढे तंबाखू, शुगर, वाढलेला घेर, कोलेस्टेरॉल, दारू, हृदयाचे विकार, मनावरचा ताण वगैरे.

‘मी कुठं तंबाखू खाते?’ असं म्हणताय? मग सकाळची मिश्री काय असते हो? ती तंबाखूच. ज्यांना बाळंतपणाच्या वेळी बीपी वाढला होता, त्यांनी तर पुढेही बीपी तपासत राहायला हवं, त्यांना पक्षाघाताचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. सरकारी आरोग्य केंद्रात तिशीच्या पुढच्यांचा बीपी आणि शुगर फुकट तपासतात. बाळाला डोस द्यायला जाता, तेव्हा पाच मिनिटं स्वतःचा दंडही पुढे करा. आणि गोळी सुरू झाली की डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायची नाही.

स्वयंपाकघरातही एक गोष्ट आपल्या हातात आहे, मीठ. २०२१ साली चीनमधल्या ६०० खेड्यांतला एक अभ्यास गाजला. जवळजवळ २१ हजार माणसं, कुणाला आधी पक्षाघात झालेला, कुणी साठीच्या पुढचं आणि बीपीवालं. निम्म्या गावांना साध्या मिठाऐवजी कमी सोडियमचं मीठ दिलं. त्यात एक चतुर्थांश पोटॅशियमचं मीठ होतं. पाच वर्षांच्या आसपास गेली, तेव्हा त्या गावांत पक्षाघात १४ टक्क्यांनी कमी झाला होता. फक्त मिठाचा डबा बदलून! पण किडनीचा आजार असणाऱ्यांना आणि बीपीची काही औषधं चालू असणाऱ्यांना हे मीठ चालत नाही, म्हणून डॉक्टरांना विचारूनच घ्या. तोवर ताटातलं वरचं मीठ, लोणचं, पापड, ठेचा यांना आवर घालणं तर बिनखर्चाचं आहे. माणशी दिवसाला सगळं मिळून एक चमचा मीठ पुरे.

घरी आल्यावर

दवाखान्यातून रुग्ण घरी येतो तेव्हा खरी परीक्षा सुरू होते, आणि ती बहुतेक घरातल्या बाईचीच असते. आत्याच्या सुनेला लोक म्हणायचे, ‘तू नीट व्यायाम घेत नाहीस, म्हणून हात सुधारत नाही.’ बिचारी रात्री रडायची. तिला मी एक गोष्ट सांगितली, तुम्हालाही सांगते. भारतातल्या १४ रुग्णालयांत १,२५० रुग्णांवर एक अभ्यास झाला, तो २०१७ साली प्रसिद्ध झाला. घरच्या माणसाला व्यायाम शिकवून रुग्णाची तयारी त्याच्याकडून करून घ्यायची, अशी कल्पना होती. सहा महिन्यांनी बघितलं तर नेहमीच्या उपचारांपेक्षा काहीच फरक दिसला नाही. म्हणजे सेवा वाया जाते असं नाही. पण फिजिओथेरपिस्टचं काम एकट्या सुनेच्या खांद्यावर टाकून भागत नाही, आणि हात सुधारला नाही म्हणून तिला दोष देणं तर साफ चूक.

घाईही नको. २०१५ सालच्या एका अभ्यासात पहिल्या २४ तासांतच रुग्णाला वारंवार उठवून चालवलं, तर उलट नुकसान दिसलं. कधी बसवायचं, कधी उभं करायचं, हे डॉक्टर सांगतील तसं. पण आशाही सोडू नका. २००६ सालच्या अमेरिकेतल्या अभ्यासात झटक्यानंतर तीन ते नऊ महिन्यांनी, थोडीफार हालचाल असलेल्या रुग्णांचा चांगला हात दोन आठवडे दिवसभर बांधून ठेवला आणि अधू हाताकडून कामं करून घेतली. तो हात सुधारला, आणि ती सुधारणा वर्षभरानंतरही टिकली होती. तेव्हा ‘राहू द्या आत्या, मी करते’ असं प्रत्येक वेळी म्हणू नका. जमेल तेवढं त्यांना करू द्या. उपचार म्हणून हात बांधायचा असेल तर मात्र तो तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच.

दुसरा झटका टाळायचा तर गोळ्या चुकवून चालणार नाही. आणि रुग्ण रडतो, चिडतो, गप्प होतो, त्याला ‘नाटकं’ म्हणू नका. झटक्यानंतर मन खचणं हाही त्या आजाराचाच भाग आहे, त्यावरही उपचार असतात.

मागच्या खेपेला ईटला गेले, तेव्हा आत्या ओसरीवर बसून उजव्या हातानं शेंगा फोडत होती. एकेका शेंगेला वेळ लागत होता, पण सून मध्ये पडत नव्हती. निघताना सुनेनं मला भिंतीवरची दिनदर्शिका दाखवली. दुधाच्या आकड्यांशेजारी दोन दवाखान्यांचे नंबर होते, आत्याच्या गोळ्यांच्या खुणा होत्या आणि खाली एका कोपऱ्यात सुनेचा स्वतःचा बीपी, तारखेसकट लिहिलेला.

तुमच्या घरच्या दिनदर्शिकेवर तुमचा बीपी कधी लिहिताय?

कापून ठेवा

• तोंड वाकडं, हात लुळा, बोली जड : एक खूण दिसली तरी लगेच निघा.
• शेवटचं ठणठणीत कधी पाहिलं, ती वेळ लिहून घ्या.
• तोंडातून काही देऊ नका, चोळत बसू नका, औषधवाल्याकडे जाऊ नका.
• १०८ ला फोन करा. सिटी स्कॅन असलेलं रुग्णालयच गाठा.
• लक्षणं आपोआप गेली तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.
• तिशीनंतर स्वतःचा बीपी तपासा. गोळी मनानं बंद करू नका.