महारोहिणीचा जन्मजात संकोच : निदान व उपचार

महारोहिणी हृदयाच्या डाव्या जवनिकेतून निघून कमान घेते आणि कण्यालगत खाली उतरते. डोके व हात यांकडील शाखा फुटल्यानंतर ती काही अर्भकांत जन्मतःच अरुंद असते. ह्या विकृतीस महारोहिणी-संकोच म्हणतात. (‘संकोच’ येथे आकसणे ह्या मूळ अर्थी घ्यावयाचा; लाजेचा अर्थ लक्षणेने आलेला आहे.)

भिगवण परिसरातील शेतकऱ्यास हे सहज उमगेल. उजनीच्या जलाशयातून पाणी उचलणाऱ्या नळात अडथळा आला, की पंपाच्या बाजूस दाब वाढतो आणि शेताच्या टोकास धार क्षीण होते. शरीरातही हातांतील रक्तदाब चढतो, पायांतील उतरतो. मात्र दृष्टान्त येथेच थांबतो. कारण रक्त अपुरे मिळाल्यास मूत्रपिंडे दाब आणखी चढविणारी द्रव्ये स्रवतात. नळ असे काही करीत नाही.

गर्भात फुप्फुसरोहिणी व महारोहिणी यांस जोडणारी एक वाहिनी असते. संकोच तीव्र असल्यास शरीराच्या खालच्या भागाचा रक्तपुरवठा तिच्यावरच अवलंबून राहतो. जन्मानंतर काही दिवसांत ती मिटते आणि तोवर निरोगी भासणारे, बहुधा घरी नेलेले मूल एकाएकी दूध सोडते, धापा टाकते, निस्तेज होते. हा प्रकार जंतुसंसर्गाचा समजला जाण्याचा धोका मोठा आहे. अशा वेळी जांघेतील नाडी बोटांनी चाचपून ती हाताच्या नाडीशी ताडून पाहावी. ह्या परीक्षेस यंत्र लागत नाही. वाहिनी उघडी असेतो ती नाडी लागू शकते, म्हणून पहिल्या दिवसाची तपासणी पुरेशी मानू नये. रक्तातील प्राणवायू मोजणारे यंत्रही पुष्कळदा फसते. निश्चिती हृदयाच्या ध्वनिचित्रणाने होते.

भिगवणहून पुणे सुमारे शंभर किलोमीटर आहे. वाटेत मूल तगावे म्हणून प्रोस्टाग्लँडिन शिरेतून देऊन ती वाहिनी पुन्हा उघडतात. ह्या औषधाने श्वास थांबू शकत असल्याने सोबत कृत्रिम श्वासाची सिद्धता हवी.

मोर्गान्यी याने 1760 मध्ये शवविच्छेदनात ही विकृती नोंदविली. शस्त्रक्रिया मात्र 1944 साली स्टॉकहोम येथे क्राफोर्ड याने प्रथम केली. अरुंद भाग कापून दोन्ही टोके जोडणे ही तिची रीत अर्भकांत सुधारित रूपाने आजही रूढ आहे. मोठ्या मुलांत व प्रौढांत फुग्याने तो भाग रुंदावून धातूची जाळी बसवितात. प्रौढांत निदान बहुधा तरुणपणीच्या रक्तदाबावरून होते. छातीच्या क्ष-किरणचित्रात फासळ्यांच्या खालच्या कडेस खाचा दिसतात. उशिरा दुरुस्ती झालेल्यांचा रक्तदाब पुष्कळदा चढाच राहतो. शिवाय जोडाच्या जागी पुन्हा संकोच किंवा फुगवटा येऊ शकतो, म्हणून तपासणी आयुष्यभर चालू ठेवावी लागते.