रॅम घेण्याआधी मदरबोर्ड बघा

फेलोशिपच्या पैशात गेमिंगचा पीसी अपग्रेड करून त्यावरच सिम्युलेशनही चालवायचंय? मग आधी मदरबोर्डचं सॉकेट बघा. एएमडीच्या एएम४ बोर्डला डीडीआर४ रॅम लागते, एएम५ला फक्त डीडीआर५. पिना दोन्हींना २८८च, पण खाच वेगळ्या जागी. त्यामुळे एकीच्या जागी दुसरी बसत नाही. म्हणजे एएम५वर गेलात की जुनी रॅमही बाद.

एएम४ असेल तर रायझन ५००० मालिकेतला प्रोसेसर चालतो का, ते बोर्ड कंपनीच्या यादीत तपासा. लागत असेल तर जुना प्रोसेसर काढण्याआधीच बायोस अपडेट करा.

१६ जीबीच्या एका स्टिकऐवजी ८ जीबीच्या दोन घ्या. डीडीआर४-३२००चा एक चॅनल सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी डेटा नेतो, दोन मिळून ५१.२. शेवटी बायोसमध्ये एक्सएमपी सुरू करा. नाहीतर रॅम बहुतेकदा कमी वेगानंच चालत राहते.