एका गोचिडीची चार हजार अंडी

कुत्र्याच्या कानामागे हात फिरवताना बोटांना टपोरं, राखाडी, गुळगुळीत असं काही लागलं, तर ती बहुतेक रक्त पिऊन टम्म झालेली गोचिडीची मादी. पोट भरेपर्यंत तिचं वजन जवळपास शंभरपट होतं. मग ती आपणहून गळून पडते, भिंतीकडे सरपटत जाते, दाराच्या चौकटीत नाहीतर सोफ्याच्या फटीत शिरते, एकदाच अंडी घालते आणि मरते. ही अंडी असतात चार हजारांच्या आसपास.

आता जरा पाटी-पेन्सिल घेऊ. चार हजारांतली शंभरात एकच जगली असं धरलं, तरी 40 गोचिडी. त्यांतल्या निम्म्या माद्या, म्हणजे 20. त्यांची अंडी 80 हजार. पुन्हा शंभरात एक जगली तर 800, त्यांतल्या माद्या 400 आणि त्यांची अंडी 16 लाख. आपल्याकडच्या कुत्र्यांवर सर्रास दिसणाऱ्या तपकिरी गोचिडीचं एक पूर्ण चक्र उबदार हवेत दोन-अडीच महिन्यांत आटोपतं. ही जात घराबाहेर न पडता चार भिंतींच्या आतच पिढ्यान्‌पिढ्या वाढू शकते. वर चिवट इतकी, की वाढ झालेली गोचीड रक्ताच्या थेंबाशिवाय वर्षभराहून जास्त काळ फटीत तग धरते. महिनाभर घर बंद ठेवून गावी गेलात, तरी ती वाट बघत बसलेली असते.

म्हणूनच कुत्र्याच्या अंगावरच्या दहा गोचिडी वेचून ‘झालं एकदाचं’ म्हणणं हा हिशेबातला घोटाळा आहे. वेचायच्या तर आहेतच, आणि त्याही नीट. बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीला अगदी लागून धरायची, सरळ ओढायची आणि स्पिरिटच्या बाटलीत टाकायची. रॉकेल, पेटती काडी, बोटांनी चिरडणं हे सगळं बंद. पण खरं काम फटींमध्ये आहे. चौकटी, पलंगाचे सांधे, कुत्र्याचं अंथरूण यांची सफाई, आणि डॉक्टरांनी वजन बघून दिलेली गोळी किंवा मानेवरचं औषध तारीख न चुकवता. एक पोटतिडकीची सूचना: पर्मेथ्रिन असलेलं कुत्र्याचं औषध मांजराला कधीही लावू नका. कुत्र्याला जे सहज चालतं, त्याने मांजर आकडी येऊन मरू शकतं.

पिसवांचं गणित याच घराण्यातलं. एक मादी दिवसाला 40-50 अंडी घालते आणि ती केसांवरून घरंगळून खाली पडतात. अंगावर दिसतात त्या मोठ्या पिसवा एकूण लोकसंख्येच्या जेमतेम 5 टक्के. बाकी 95 टक्के अंडी, अळ्या आणि कोषांच्या रूपात गालिच्यात आणि गादीत मुक्कामाला असतात.

मात्र फुगत जाणाऱ्या प्रत्येक आकड्यावर विश्वास ठेवू नये. एक मांजरी आणि तिची पिल्लावळ मिळून सात वर्षांत 4 लाख 20 हजार मांजरं होतात, हा आकडा जगभरच्या पत्रकांवर वर्षानुवर्षं छापला जातोय. एकही पिल्लू मेलं नाही, तरच तो खरा ठरेल. प्रत्यक्षात अमेरिकेत 2004 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बेवारस मांजरांच्या 169 पिल्लांवर लक्ष ठेवलं, तेव्हा त्यांतली 127 सहा महिन्यांच्या आत मेली किंवा बेपत्ता झाली. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या गणितज्ञांनी हाच हिशेब नव्याने मांडला, तेव्हा उत्तर आलं 100 ते 400. मला विचाराल तर नसबंदीसाठी तेवढं कारण पुरेसं आहे. गॅलरीत आलेल्या एका मनीमागे शंभर मांजरं कुठल्या सोसायटीला झेपतील? शिवाय मांजरी चार-पाच महिन्यांची असतानाच गाभण राहू शकते आणि दोन महिन्यांत विते. ‘अजून लहान आहे’ म्हणत थांबलेल्यांची फजिती इथेच होते.

आता स्वयंपाकघरात येऊ. पाच किलोच्या कुत्र्याला दिवसाला साधारण 370 कॅलरी पुरतात. एका ग्लुकोज बिस्किटात 25 च्या आसपास. चहाच्या वेळी आजोबांनी दोन दिली, नातवाने दोन दिली, की झाल्या 100. दोन हजार कॅलरी खाणाऱ्या माणसाने जेवणाव्यतिरिक्त रोज साडेपाचशे कॅलरींचा फराळ करावा, तसं हे झालं. खाऊ दिवसाच्या कॅलरींच्या दहाव्या हिश्शात बसवावा, असं डॉक्टर सांगतात. म्हणजे या कुत्र्याला दीड बिस्किट! लॅब्रॅडॉर पाळणाऱ्यांची गोष्ट आणखी अवघड. केंब्रिजच्या संशोधकांना 2016 मध्ये आढळलं, की जवळपास दर चार लॅब्रॅडॉरांमागे एकाच्या पीओएमसी नावाच्या जनुकात एक तुकडा गळालेला असतो. पोट भरल्याचा निरोप मेंदूला नीट पोचत नाही. त्याची भूक खरी असते, गरज नसते. ताटापाशी बसून तो जे डोळे करतो त्याला बधायचं की नाही, हे आता तुम्ही ठरवा.

औषधाच्या डब्यातला आकडा त्याहून भयंकर. 500 मिलिग्रॅमची पॅरासिटामॉलची एक गोळी चार किलोच्या मांजराला देणं म्हणजे वजनाच्या हिशेबाने साठ किलोच्या माणसाला एका वेळी 15 गोळ्या देणं. त्यात माणसाचं यकृत हे औषध ज्या वाटेने निकामी करतं, ती वाट मांजरात जवळपास बंद असते. गोळीच्या बाराव्या तुकड्यानेही विषबाधा झाल्याची नोंद आहे. ताप आलेल्या मनीला माणसांच्या डब्यातलं काहीही देऊ नका. कुत्र्यांच्या बाबतीत शिऱ्यातले बेदाणे आणि चिंचेचा कोळ जपा. दोन्हींत टार्टारिक आम्ल असतं आणि काही कुत्र्यांची मूत्रपिंडं त्याने बंद पडतात. किती दाण्यांपर्यंत चालेल, याला सुरक्षित आकडाच नाही.

मांजराचं पाणी हा मात्र गमतीचा विषय. अमेरिकेतल्या चार संशोधकांनी वेगवान कॅमेरा लावून मांजर पाणी कसं पितं हे पाहिलं आणि ते 2010 मध्ये ‘सायन्स’मध्ये छापून आलं. जिभेचं टोक पाण्याला नुसतं टेकतं, झटक्यात वर जातं, मागोमाग पाण्याचा खांब उचलला जातो आणि तो कोसळायच्या आत मांजर तोंड मिटतं. सेकंदाला सुमारे चार वेळा, दर वेळी जेमतेम 0.1 मिलिलिटर. चार किलोच्या मांजराची दिवसाची गरज साधारण 200 मिलिलिटर. सगळी वाटीतून भागवायची तर दोन हजार वेळा जीभ चालवावी लागेल. कोरड्या दाण्यांत पाणी असतं फक्त दहा टक्क्यांच्या आसपास. त्यामुळे उकडलेलं चिकन त्याच्या पाण्यासकट द्यावं (कांदा-लसूण न घालता), किंवा दाणे भिजवावेत.

उंच इमारतींत राहणाऱ्यांना एक अभ्यास हमखास ऐकवला जातो. न्यूयॉर्कमधल्या एका प्राण्यांच्या रुग्णालयात इमारतींवरून पडलेली 132 मांजरं आली आणि त्यांतली 90 टक्के वाचली. एक तर 32 व्या मजल्यावरून पडूनही जगलं. 1987 चा हा अभ्यास खरा आहे, पण जी जागीच मेली त्यांना रुग्णालयात कोण नेणार? ती या 132 मध्ये नाहीतच. खिडकीला जाळी बसवा.

सर्वांत मोठा आकडा कुत्र्याच्या नाकाचा. फ्लोरिडा स्टेट विद्यापीठात दोन कुत्र्यांना केळ्यासारख्या वासाचं अमाइल अ‍ॅसिटेट ओळखायला शिकवलं. लाख कोटी भागांत एक-दोन भाग इतकं विरळ केलं तरी त्यांना ते सापडलं. प्रमाण समजण्यापुरतं सांगायचं तर 10 हजार लिटरचे पाच हजार टँकर भरायचे आणि त्या सगळ्यांत मिळून एकच थेंब टाकायचा. अशा नाकाच्या मालकाला फिरायला नेऊन विजेच्या खांबापासून खेचत पुढे ओढणं हा अन्यायच. वीस मिनिटांतली दहा त्याला हुंगू द्या. धो-धो पावसात बाहेर पडता येत नसेल, तर त्याच्या जेवणातले चार दाणे पाच-सहा पालथ्या वाट्यांपैकी एकीखाली ठेवा आणि शोधायला लावा. अर्ध्या तासाच्या खेळाने तो चांगला दमतो. वाट्या तेवढ्या तुम्हाला घासाव्या लागतात.