शिवनेरीची शिंदळ माकुडी, हॅनोव्हरच्या खिडकीत

शिवनेरी म्हटलं की आपल्याला शिवजन्म आठवतो. वनस्पतिशास्त्रज्ञांना मात्र त्या गडाच्या कड्यावरचं एक बुटकं, मांसल झुडूपही आठवतं. तिचं नाव शिंदळ माकुडी, शास्त्रीय नाव फ्रेरिया इंडिका. सह्याद्रीतल्या मोजक्या कड्यांखेरीज ती जगात कुठेही रानात उगवत नाही. डॅल्झेल यांनी १८६५ च्या सुमारास तिचं वर्णन केलं आणि मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर बार्टल फ्रियर यांचं नाव तिला दिलं.

दिसायला कॅक्टससारखी, पण कूळ रुईचं. पावसाळ्यात हिला चांगली पानं फुटतात, आणि पुढे किरमिजी, पिवळ्या खुणांची चांदणीसारखी फुलं येतात. मग पानं गळतात आणि खोडातल्या पाण्यावर ती पुढच्या पावसापर्यंत तग धरते.

तुम्ही म्हणाल, ही जर्मनीत जगणार कशी? गंमत अशी, की वेळापत्रक जुळतं! तिकडचा पावसाळा जून ते सप्टेंबर, आणि इथला उन्हाळाही साधारण तेव्हाच. त्या दिवसांत माती पूर्ण सुकली की भरपूर पाणी द्यायचं. ऑक्टोबरपासून कमी करत बंद. हिवाळ्यात दक्षिणेची खिडकी, बारा-पंधरा अंश. डिसेंबरात हॅनोव्हरचा दिवस आठ तासांचाही नसतो. तेव्हा पाणी दिलं तर मुळं कुजतात. नुसत्या कांड्या उरल्या तरी घाबरू नये, झाड जिवंत असतं. मातीत निम्म्याहून जास्त बिम्स घालावा. शेवटी दख्खनचा दगडही ज्वालामुखीचाच!

नवं रोप करायचं तर उन्हाळ्यात बोटभर फांदी कापून, चार-पाच दिवस सावलीत सुकवून लावावी.

इतकं सोपं असेल तर झाड वाचलंच की! तसं नाही. एका झाडाच्या फांद्यांपासून केलेली शंभर रोपं म्हणजे एकाच झाडाच्या शंभर प्रती. एक रोग आला तर सगळ्या सारख्याच बळी पडणार. कड्यावरच्या झाडांमधला वेगळेपणा कुंडीत येत नाही. म्हणून सुट्टीत गडावर गेलात तर फोटो काढा, फांदी तोडू नका. भारताच्या निर्यातबंदीच्या यादीतही हिचं नाव आहे. इथे घ्यायचं तर लागवडीतलंच रोप घ्यावं.

माझ्याकडे अशी चार रोपं तयार आहेत. गणपतीच्या कार्यक्रमाला आणतो. ज्यांच्याकडे दक्षिणेची खिडकी आहे त्यांनी जरूर न्यावीत.