कोकणातील सडे: उपेक्षेचा मागोवा

रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांत सह्याद्री व समुद्र यांच्या दरम्यान पसरलेली जांभ्याची सपाट पठारे, ज्यांना स्थानिक लोक सडा किंवा कातळ म्हणतात, पर्यटकाच्या वाटेत फारशी कधी आलीच नाहीत. तो कोकणात येतो आंब्याच्या दिवसांत, आणि तेव्हा सड्यावर तापलेल्या दगडाखेरीज काही दिसत नाही. महसुली दप्तराची दृष्टीही काही निराळी नव्हती, कारण तेथे या जमिनीची नोंद बहुधा पोटखराबा, म्हणजे लागवडीस अयोग्य क्षेत्र, अशीच होत आली.

वनस्पतिशास्त्रज्ञांनी मात्र सड्यांची दखल एकोणिसाव्या शतकातच घेतली होती. डाल्झेल आणि गिब्सन यांचा मुंबई इलाख्यातील वनस्पतींवरील ग्रंथ 1861 मध्ये प्रसिद्ध झाला, आणि कोकणाबाहेर जवळपास न आढळणारी दीपकाडी ही पांढऱ्या फुलांची कंदवर्गीय वनस्पती डाल्झेल यांनीच प्रथम शास्त्राच्या नजरेस आणली. जांभा हा मूळ खडकातील सिलिका पावसाने वाहून जाऊन लोह व ॲल्युमिनियम मागे राहिल्याने बनतो. त्याच्या खोलगट भागांत साचलेल्या वीतभरही नसलेल्या मातीत नत्र इतके कमी असते की सीतेची आसवे ही इवलीशी जांभळी वनस्पती मुळांऐवजी ओल्या मातीतील सूक्ष्म पिशव्यांनी जीव पकडून ती उणीव भरून काढते. हे पाहायचे तर भाद्रपदात गुडघे टेकावे लागतात.

साताऱ्याजवळचे कास पठारही जांभ्याचेच, पण 2012 मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात त्याचा समावेश झाला आणि फुलांच्या हंगामात तेथे प्रवेशशुल्क व दैनंदिन संख्येची मर्यादा घालण्याची वेळ आली. कोकणातील सड्यांच्या वाट्याला अशी गर्दी आली नाही, हे सुदैवच म्हणावे. तथापि उपेक्षा म्हणजे संरक्षण नव्हे, कारण 1990 नंतर रोजगार हमीशी जोडलेल्या फळबाग योजनेतून सुरुंग लावून कातळात खड्डे घेतले गेले, बाहेरून माती आणून हापूस व काजूची कलमे लावली गेली, आणि चिरेखाणी तर त्याआधीपासून चालू होत्याच.

2022 मध्ये उक्षी, कशेळी, देवीहसोळ, बारसू आदी ठिकाणची कातळशिल्पे, म्हणजे सड्याच्या पृष्ठभागावर कोरलेल्या प्राचीन आकृती, युनेस्कोच्या संभाव्य यादीत आली आणि सड्यांकडे पाहुण्यांची पावले वळू लागली. मात्र शिल्पांच्या रेषा स्पष्ट दिसतात त्या पाऊस ओसरून कातळ कोरडा पडल्यावर, आणि तोवर दीपकाडीची पाने सुकून तिचा कंदच काय तो मातीत उरलेला असतो.